बंदुकीऐवजी वही

नाताळच्या दुपारी जेवणे आटोपली, की ओटीवर वडीलधाऱ्यांची बैठक जमते आणि बोलणे हळूहळू जुन्या काळाकडे वळते. कुणी विहिरीच्या पाण्याविषयी बोलतो, कुणी केळीच्या बागांविषयी, आणि कुणीतरी हटकून म्हणतो की, पूर्वी आपल्या वाडीत केवढी पाखरे असत! बावखलाच्या काठी बगळे बसत, आढ्याला चिमण्यांची घरटी असत, टिटवीच्या ओरडण्याने झोपमोड होई. सगळे माना डोलावतात. परंतु घरातील एखाद्या शाळकरी मुलाने विचारले की, ‘आजोबा, केवढी म्हणजे किती?’, तर बैठक गप्प होते. ‘खूप’ ह्या शब्दापलीकडे आम्हां कुणाजवळच उत्तर नसते. आम्ही पाहिले होते, हे खरे. परंतु आम्ही लिहून ठेवले नव्हते.

हा लेख आहे तो अशा माणसांविषयी, ज्यांनी लिहून ठेवले. ते बहुतेक शास्त्रज्ञ नव्हते. कुणी जमीनदार, कुणी खेड्यातील पाद्री, कुणी बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ, कुणी दीपगृहाचा रखवालदार. आज जगातील जैवविविधतेची, विशेषतः पक्ष्यांची, जी मोठी मोजदाद शास्त्रज्ञांच्या हाती आहे, तिचा पाया अशाच सामान्य माणसांच्या वह्यांनी घातला. आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान नाताळच्याच दिवशी लिहिले गेले.

एका नाताळची गोष्ट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या काही भागांत नाताळच्या दिवशी ‘साइड हंट’ नावाचा खेळ चाले. गावातील पुरुष दोन बाजूंत विभागले जात, बंदुका घेऊन रानात शिरत आणि दिसेल तो पक्षी, दिसेल तो प्राणी टिपत. संध्याकाळी दोन्ही बाजूंचे ढीग समोरासमोर रचले जात आणि ज्यांचा ढीग मोठा, ते जिंकले. ह्या शिकारीत ना भूक होती ना गरज. जन्मोत्सवाचा दिवस मृत्यूच्या ढिगाऱ्यांनी साजरा होतो आहे, ह्यात विसंगती आहे, असे फारच थोड्यांना वाटे.

त्या काळी पक्ष्यांचा संहार केवळ खेळासाठी होत नव्हता. स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे, पंख, कधी कधी संपूर्ण पक्षीच पेंढा भरून खोचण्याची फॅशन होती. 1886 साली फ्रँक चॅपमन नावाच्या एका तरुणाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोन दिवस दुपारी फेरफटका मारला आणि येणाऱ्याजाणाऱ्या स्त्रियांच्या टोप्या मोजल्या. सातशे टोप्यांपैकी 542 टोप्यांवर पक्ष्यांची पिसे होती आणि त्यांत चाळीस जातींचे पक्षी त्याला ओळखता आले. रानात न जाता, शहराच्या फरसबंद रस्त्यावर केलेली ही पक्षिगणना! तिच्यातील आकडे वाचताना आजही मन विषण्ण होते.

हा चॅपमन आरंभी बँकेत नोकरीस होता. पक्ष्यांच्या ओढीने त्याने ती नोकरी सोडली आणि पुढे न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात काम पत्करले. 1899 साली त्याने ‘बर्ड-लोअर’ नावाचे नियतकालिक सुरू केले आणि 1900 सालच्या डिसेंबरच्या अंकात वाचकांपुढे एक साधी सूचना मांडली: ह्या नाताळात बंदूक घरी ठेवा, वही घेऊन बाहेर पडा. जे पक्षी दिसतील त्यांची जात आणि संख्या लिहा, किती वेळ फिरलात, हवा कशी होती, तेही लिहा आणि यादी आमच्याकडे पाठवा.

चॅपमनने साइड हंटवाल्यांना नुसता उपदेश केला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याने त्यांच्या खेळातील चुरस, थंडीतील भटकंती, सोबत्यांचा सहवास आणि संध्याकाळची बेरीज हे सारे तसेच ठेवले. फक्त मारणे तेवढे काढून टाकले. माणसाच्या हातातून एखादी वाईट वस्तू काढून घ्यायची असेल, तर त्या हातात दुसरी वस्तू द्यावी लागते, हे त्याने ओळखले होते.

25 डिसेंबर 1900 रोजी सत्तावीस माणसे बाहेर पडली. कॅनडातील टोरॉन्टोपासून कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हपर्यंत पंचवीस ठिकाणी त्यांनी नोंदी केल्या. सर्वांच्या याद्या एकत्र केल्या तेव्हा सुमारे नव्वद जाती आणि साडेअठरा हजार पक्षी भरले. आकडा काही मोठा नव्हता. परंतु दुसऱ्या वर्षी ती मोजणी पुन्हा झाली, तिसऱ्या वर्षी पुन्हा झाली आणि दोन महायुद्धांतही ती थांबली नाही. आज सव्वाशे वर्षांनंतर अडीच हजारांहून अधिक ठिकाणी ही नाताळची गणना होते आणि तीत हजारो माणसे भाग घेतात.

पाद्र्याची वही, जमीनदाराची वही

चॅपमनची कल्पना नवी होती, तरी पक्ष्यांची नोंद ठेवण्याचा नाद नवा नव्हता. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने 1736 सालापासून वसंताच्या आगमनाच्या खुणा टिपायला सुरुवात केली. पहिली पाकोळी कधी दिसली, कोकिळ प्रथम कधी बोलला, ओकच्या झाडाला पालवी कधी फुटली, अशा त्या नोंदी होत्या. मार्शम वारला; मुलाने वही पुढे चालवली, नातवाने चालवली. अशा रीतीने एकाच कुटुंबात पिढ्यान् पिढ्या, मध्ये काही खंड पडूनही, ही नोंदवही 1958 सालापर्यंत चालू राहिली. त्या कुटुंबातील कुणालाही ‘हवामानबदल’ हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु ऋतू किती दिवसांनी अलीकडे सरकले, ह्याचा अभ्यास करणाऱ्या आजच्या शास्त्रज्ञांना त्या वहीएवढी जुनी साक्ष फार थोड्या ठिकाणी मिळते.

ह्याच मार्शमचा पत्रमित्र होता गिल्बर्ट व्हाइट, सेलबर्न नावाच्या खेड्यातील पाद्री. उपासना आणि गावकीची कामे सांभाळून तो आयुष्यभर आपल्या गावाचा निसर्ग पाहत राहिला. त्याचा ग्रंथ 1789 साली प्रसिद्ध झाला. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या पर्णवटवट्या पक्ष्यांच्या तीन जाती वेगवेगळ्या आहेत, हे त्याने मुख्यतः त्यांच्या गाण्यावरून ओळखले. दूरदेशीच्या सफरी त्याने केल्या नाहीत. एकच गाव पुन्हा पुन्हा पाहिले. सामान्य निरीक्षकाचे सामर्थ्य नेमके ह्यात असते. शास्त्रज्ञ येतो, पाहतो आणि जातो. गावचा माणूस मात्र तेथेच राहतो.

अमेरिकेत अशा विखुरलेल्या माणसांना एका सूत्रात ओवण्याचे काम वेल्स कुक नावाच्या शिक्षकाने केले. 1881 सालाच्या सुमारास मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील परिचितांना त्याने पत्रे लिहिली आणि स्थलांतर करून येणारे पक्षी कोणत्या तारखेला प्रथम दिसतात, ते कळवण्याची विनंती केली. पुढे अमेरिकेतील पक्षितज्ज्ञांच्या संघटनेने आणि नंतर सरकारनेही ह्या कामाला हात दिला. भरभराटीच्या काळात सुमारे तीन हजार निरीक्षक छोट्या कार्डांवर तारखा लिहून पाठवीत. कार्डे साचत साचत साठ लाखांच्या घरात गेली.

आणि मग 1970 साली हा उपक्रम बंद पडला. नव्या काळाला ही जुनी कार्डे निरुपयोगी वाटू लागली. ती रद्दीत जायची, तर चँडलर रॉबिन्स ह्या पक्षितज्ज्ञाने ती हट्टाने जपून ठेवली. चाळीस एक वर्षांनी, हवामानबदलाचा प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा, त्याच कार्डांची किंमत जगाला कळली. मग स्वयंसेवकांची दुसरी पिढी पुढे आली आणि आजोबा-पणजोबांच्या पिढीने शाईने लिहिलेल्या तारखा संगणकावर उतरवू लागली.

हौशी माणसाचा आकडा खरा कसा मानावा?

येथे वाचकांच्या मनात एक रास्त शंका येईल. नाताळच्या सुट्टीत हौसेने फिरणाऱ्या माणसाने लिहिलेल्या आकड्यावर शास्त्राने विश्वास का ठेवावा? एखादा चांगला जाणकार असेल, एखादा नवशिका. एखादा चार तास फिरेल, एखादा चाळीस मिनिटांत घरी परतेल. कुणी चिमणीला भलतेच नाव देईल, कुणी एकच बगळा दोनदा मोजील.

ही शंका शास्त्रज्ञांनाही आली आणि तिचे उत्तर शोधण्यातच ह्या विषयाचे शास्त्र घडले. पहिले उत्तर म्हणजे शिस्त. नाताळच्या गणनेसाठी पुढे पंधरा मैल व्यासाचे एक वर्तुळ ठरले. त्याच वर्तुळात, 14 डिसेंबर ते 5 जानेवारी ह्या काळातील एका दिवशी, दरवर्षी मोजायचे. दुसरे उत्तर म्हणजे श्रमाचा हिशेब. किती पक्षी दिसले एवढेच नव्हे, तर किती माणसे किती तास फिरली, हेही लिहायचे. दहा माणसांना शंभर पक्षी दिसणे आणि दोन माणसांना शंभर पक्षी दिसणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरे उत्तर म्हणजे पूर्ण यादी. फक्त दुर्मीळ पक्षी लिहून भागत नाही. कावळा, साळुंकी, पारवा हेही लिहावे लागतात. पाहणाऱ्याने सगळे लिहिले असेल, तरच त्याच्या यादीत जो पक्षी नाही, तो खरोखर दिसला नाही, असे म्हणता येते. शून्य हीदेखील एक नोंद आहे.

आणि शेवटचे उत्तर म्हणजे सातत्य. एका माणसाची एका दिवसाची नोंद चुकीची असू शकते. परंतु हजारो माणसे, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजत असतील, तर किरकोळ चुका बव्हंशी एकमेकींना छेद देतात आणि त्यांतून उमटणारी चढउताराची रेषा बोलू लागते. इंग्लंडमध्ये मॅक्स निकोल्सन ह्यांच्या प्रेरणेने 1928 साली राखी बगळ्यांच्या घरट्यांची गणना सुरू झाली, ती आजही चालू आहे. 1962-63च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर ती रेषा एकदम खाली आली आणि नंतर सावकाश पुन्हा वर चढली. केवळ दोन-तीन वर्षे मोजले असते, तर बगळे संपले, असाच निष्कर्ष निघाला असता. दीर्घ नोंद आपल्याला धोक्याची सूचना देते. त्याचबरोबर ती आपल्याला खोट्या भयापासूनही वाचवते.

वह्यांनी दिलेली साक्ष

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक जगभर सर्रास फवारले जाऊ लागले. डास मेले, किडी मेल्या. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ह्या औषधाची दुसरी बाजू प्रथम ज्यांच्या ध्यानात आली, त्यांत चार्ल्स ब्रोली हे एक होते. ते कॅनडातील विनिपेगचे निवृत्त बँक अधिकारी. 1939 सालापासून ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील उंच झाडांवर चढून पांढऱ्या डोक्याच्या गरुडांच्या पिल्लांच्या पायांत खुणेची कडी अडकवीत. दहा वर्षांत त्यांनी हजारांहून अधिक पिल्लांना कडी घातली. परंतु 1947 सालापासून त्यांना रिकामी घरटी दिसू लागली. गरुड होते, घरटी होती, पिल्ले मात्र नव्हती. 1958 साली शंभर मैलांहून अधिक हिंडल्यावर त्यांना कडी घालण्यासाठी एकच पिल्लू सापडले.

तिकडे पेन्सिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाचा एक डोंगर आहे. स्थलांतर करणारे शिकारी पक्षी त्याच्या कड्यावरून जातात आणि पूर्वी शिकारी लोक तेथे बसून त्यांना शेकड्यांनी पाडीत. 1934 साली रोझली एज ह्या बाईंनी पुढाकार घेऊन ती जागा मिळवली, शिकार बंद केली आणि मॉरिस ब्राउन ह्यांना रखवालदार नेमले. जेथून गोळ्या सुटत होत्या, त्याच कड्यावर बसून ब्राउन पक्षी मोजू लागले. 1935 ते 1939 ह्या काळात त्यांना दिसलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत सुमारे चाळीस टक्के तरुण पक्षी होते. वीस वर्षांनी ते प्रमाण वीस टक्क्यांवर आले होते. ब्रोलींना घरट्यात जे दिसले, त्याला ब्राउनांच्या वहीने आकाशातून दुजोरा दिला. रेचल कार्सन ह्यांनी 1962 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ ह्या ग्रंथात ह्या दोघांच्या नोंदी साक्षीदाख‍ल मांडल्या.

इंग्लंडमधील गोष्ट तर आणखी उद्बोधक आहे. शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी तक्रार केली की, बहिरी ससाणे फार झाले आहेत आणि ते आमची कबुतरे मारतात. तक्रारीची शहानिशा करण्यासाठी 1961-62 साली डेरेक रॅटक्लिफ ह्यांच्या देखरेखीखाली हौशी निरीक्षकांच्या मदतीने ससाणे मोजले गेले. आणि आढळले ते उलटेच! ससाणे झपाट्याने नाहीसे होत होते. रॅटक्लिफ ह्यांनी मग हौशी संग्राहकांनी पूर्वी जमवलेली अंडी तपासली. 1947 सालाच्या सुमारापासून अंड्यांची कवचे पातळ झाली होती. माद्या उबवायला बसल्या की अंडी फुटत. हा निष्कर्ष त्यांनी 1967 साली प्रसिद्ध केला. 1972 साली अमेरिकेने शेतीतील डीडीटीचा वापर बंद केला आणि 2007 साली पांढऱ्या डोक्याचा गरुड संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला.

मघाशी ज्यांचा उल्लेख आला, त्या चँडलर रॉबिन्स ह्यांनी ह्याच काळात आणखी एक काम केले. डीडीटीच्या फवारणीनंतर रॉबिन पक्षी मरत असल्याचे एका महिलेने त्यांना पत्राने कळवले आणि संपूर्ण देशातील पक्ष्यांवर काय परिणाम झाला आहे, असे विचारले. त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. त्या अनुत्तरित पत्रातून 1966 साली उत्तर अमेरिकेतील विणीच्या पक्ष्यांची पाहणी सुरू झाली: ठरलेल्या रस्त्यावर पन्नास थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी प्रारंभ. 2019 साली शास्त्रज्ञांनी ही पाहणी, नाताळची गणना आणि इतर नोंदी एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा कळले की, 1970 नंतर त्या खंडातील पक्ष्यांची संख्या सुमारे 290 कोटींनी, म्हणजे शेकडा 29ने घटली आहे. नाताळच्या गणनेवरूनच 2009 साली असेही दिसून आले होते की, पाहिलेल्या 305 जातींपैकी जवळजवळ साठ टक्के जातींची हिवाळी वस्ती चाळीस वर्षांत उत्तरेकडे सरकली होती. हिवाळे सौम्य होत चालल्याचे पक्ष्यांनी माणसाआधी ओळखले होते.

आपल्या देशातील वह्या

आता आपल्याकडे वळू. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आम्ही शाळेत काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून शिकलो. हे सनदी अधिकारी हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचे जनक मानले जातात, हे मात्र आम्हांला कुणी सांगितले नाही. देशभर पसरलेल्या अधिकाऱ्यांशी आणि हौशी अभ्यासकांशी पत्रव्यवहार करून त्यांनी माहितीचे एक मोठे जाळे विणले आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक चालवले. सिमल्याच्या घरी त्यांचा पक्ष्यांच्या नमुन्यांचा प्रचंड संग्रह होता. पंचवीस वर्षांच्या टिपणांवरून ते हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहिणार होते. 1884 सालच्या हिवाळ्यात ते घरी नसताना त्यांच्या एका नोकराने ती हस्तलिखिते सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. ह्यूम ह्यांचे मन त्या कामावरून उडाले. 1885 साली त्यांनी आपला संग्रह लंडनच्या संग्रहालयास देऊन टाकला. पेंढा भरलेले पक्षी वाचले. टिपणे बाजारात पुड्या बांधण्याच्या कामी गेली.

त्याच सुमारास, 1883 साली, मुंबईत आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन भारतीय होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही मराठी, दोघेही वैद्यकीचे काम करणारे. संस्थेच्या नियतकालिकातून देशाच्या कानाकोपऱ्यातील हौशी लोकांची निरीक्षणे शतकाहून अधिक काळ छापली जात आहेत.

ह्याच संस्थेच्या दारात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक मुलगा एक मेलेली चिमणी घेऊन आला. छऱ्याच्या बंदुकीने त्याने ती पाडली होती आणि तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, एवढाच त्याचा प्रश्न. संस्थेचे सचिव मिलर्ड ह्यांनी त्याला हाकलून न देता संग्रहातील पक्षी दाखवले. हा मुलगा म्हणजे सलीम अली. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर एथेलबर्ट ब्लॅटर ह्या येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळण्यास उत्तेजन दिले. ही गोष्ट आमच्या वाचकांना विशेष वाटेल. 1930 साली अलिबागजवळच्या किहीम गावी राहून सलीम अलींनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचा अभ्यास केला. घरटी बांधणारा नर एकाहून अधिक माद्यांशी संसार कसा थाटतो, हे त्यांनी तेथे पाहून लिहिले. तो पक्षी तर कोकणात प्रत्येकाच्या ओळखीचा होता; परंतु सलग बसून त्याच्याकडे पाहण्याचे कुणी मनावर घेतले नव्हते.

पुढे झफर फतेहअली ह्यांनी 1960च्या सुमारास पक्षिनिरीक्षकांसाठी एक छोटे वार्तापत्र सुरू केले आणि सामान्य निरीक्षकाला आपली दोन ओळींची नोंदही छापून येईल, असा विश्वास दिला. 1987 सालापासून आपल्या उपखंडात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होऊ लागली. 2007 साली बंगळुरूच्या एका राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या पुढाकाराने स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा लोकांकडून मागवल्या जाऊ लागल्या. आमच्या कवींचा लाडका चातकही त्यात आला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात 2002 साली सुरू झालेली ‘ई-बर्ड’ ही नोंदपद्धती पुढे आपल्याकडेही रुजली आणि खेड्यातील शिक्षकाची यादी त्याच दिवशी राष्ट्रीय भांडारात जमा होऊ लागली.

केरळने तर ह्या कामाचा आदर्शच घालून दिला. 2015 ते 2020 ह्या काळात तेथील हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी सारे राज्य लहान लहान चौकोनांत विभागून, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यापूर्वी पक्षी मोजले. सुमारे तीन लाख नोंदींतून 361 जातींचा नकाशा तयार झाला.

2023 साली ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे. त्यात 942 जातींचा विचार केला आहे. ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल ठरवण्याइतकी माहिती मिळाली, त्यांपैकी साठ टक्के जाती घटल्या आहेत. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो नीलपंख आपल्या डोळ्यांदेखत कमी होतो आहे. मोर मात्र वाढतो आहे. 2020 सालच्या पहिल्या अहवालाने आणखी एक समजूत हलवली. चिमणी सर्वत्र नाहीशी होत असल्याचे आम्ही सारे बोलत होतो. मोठ्या शहरांत ती कमी झाली, हे खरे ठरले, परंतु देशाचा एकूण विचार करता ती साधारण स्थिर असल्याचे दिसले. ओटीवरच्या बैठकीतील हळहळ अर्धी खरी होती. कोणता अर्धा भाग खरा, हे नोंदीवाचून कळले नसते.

ह्या नोंदींना मर्यादा आहेत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. निरीक्षक शहरांजवळ आणि रस्त्यांच्या कडेने अधिक फिरतात. रात्रीचे पक्षी कमी नोंदले जातात. सन 2000 पूर्वीच्या याद्या फारच थोड्या आहेत. आणि शेतकरी, कोळी, आदिवासी ह्यांना पक्ष्यांविषयी जे पिढीजात ज्ञान आहे, ते ह्या भांडारात अजून फारसे उतरलेले नाही. मारुती चितमपल्ली ह्यांनी रानातील माणसांकडून पक्ष्यांची नावे वेचली आणि मराठीला ‘पक्षिकोश’ दिला. त्या मार्गाने अजून पुष्कळ जायचे आहे.

आमच्या ओटीवर

इतिहासाचा हा धागा हाती धरून आम्ही पुन्हा ओटीवर येतो. एका बाजूला सिमल्याच्या बाजारात पुड्या झालेली ह्यूम ह्यांची टिपणे आहेत, दुसऱ्या बाजूला रॉबिन्स ह्यांनी जपलेली साठ लाख कार्डे आहेत. ज्ञान मिळवण्याइतकेच ते जपणे महत्त्वाचे, हा ह्या दोन गोष्टींतील धडा आहे. आमची बावखले बुजत आहेत, मिठागरांची जागा मागितली जात आहे, शेतांवर इमारती उभ्या राहत आहेत. ह्या बदलांविषयी आम्ही सभांतून बोलतो, निवेदने देतो. समोरचा अधिकारी विचारतो, ‘येथे काय होते?’ आणि आमच्यापाशी ‘खूप पाखरे होती’ एवढेच उत्तर असते. आठवणीला भावना असते. पुराव्याला तारीख लागते.

शुभवर्तमानात चिमण्यांचा जो प्रसिद्ध उल्लेख आहे, तो मोजदादीच्याच संदर्भात आहे, हे ह्या निमित्ताने आम्हांला नव्याने जाणवले. बाजारात जिची किंमत कवडीमोल, तीही हिशेबातून सुटलेली नाही, असा त्याचा आशय. जी वस्तू कुणाला तरी मोलाची वाटते, तीच मोजली जाते. निदान मोजता मोजता तरी ती मोलाची वाटू लागते.

तेव्हा आमची सूचना चॅपमनच्या सूचनेसारखीच साधी आहे. ह्या नाताळात सकाळच्या मिस्सेनंतर, पाहुणे येण्यापूर्वी, घरातील एका मुलाने आणि एका आजोबांनी मिळून अर्धा तास वाडीत उभे राहावे. एका साध्या वहीत तारीख, वेळ आणि जागा लिहावी. कावळा, साळुंकी, खंड्या, बगळा, जे दिसेल ते, जितके दिसेल तितके लिहावे. नाव ठाऊक नसेल, तर अंदाजाने लिहू नये. रंग आणि आकार लिहावा. काही दिसले नाही, तर तेही लिहावे. पुढच्या नाताळात त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा उभे राहावे. आणि वही घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावी, रद्दीच्या गठ्ठ्यात नव्हे.

वीस वर्षांनी त्या घरातील एखादे मूल विचारील, ‘केवढी म्हणजे किती?’ तेव्हा कुणीतरी उठून कपाटातून ती वही काढील.